अर्धं पुसलेलं बॉनेट

अहो, तुमच्या जलदानविधीला जेवायला आलेल्या कुणीतरी वरणाचा द्रोण तुमच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. ठेवला आणि विसरून गेला. द्रोण कलंडला, वरण दिव्यापर्यंत ओघळलं, आणि मंडपाचे बांबू निघाल्यावर मला ते दिसलं तेव्हा वाळून त्याचे पिवळे पापुद्रे झाले होते. वर माश्या. ज्या अर्ध्या भागावरून तुमचं फडकं फिरलं होतं, नेमकं त्याच भागावर. मला रडू नाही आलं, ओकारी आली. मी नखाने खरवडायला गेले, मग आठवलं की नखाने खरवडलं की रंगावर ओरखडा जातो, म्हणून ओलं फडकं टाकून दहा मिनिटं तिथेच पायरीवर बसले. बघा, तुमचं ऐकायचं मला तुम्ही गेल्यावर सुचतंय.

त्या दिवशी माणसं बोलायला उठली. विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष बोलले, तुमच्याबरोबर गोदीत कारकुनी केलेले दोघं मुंबईहून आले होते ते बोलले, तुमची थोरली बहीण अक्का बसल्या जागेवरून बोलली. सगळ्यांचं एकच. माणूस कसा गेला बघा, हूं की चूं केलं नाही, कुणाला हाक मारली नाही, गाडी पुसता पुसता गेला. शेवटी आपला मिलिंद उठला. हातात कागद होता, पण कागदाकडे न बघता म्हणाला, "बाबा काही बोललेच नाहीत. मला नाही, आईला नाही. बोलले असते तर…" आणि तिथेच कागद चुरगाळून तो खाली बसला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत बसले होते आणि अंगावर पाल पडावी तशी मला माझीच शिसारी आली.

कारण तुम्ही बोलला होतात. मला बोलला होतात, त्याच सकाळी, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून. आणि मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे, तिसऱ्या कुणाला नाही.

मिलिंदला सांगायला हवं. पण सांगितलं तर तो माझं तोंड बघेल का, हे मला कळत नाही. आता मला तोच एक आहे. तो ठाण्याला चल म्हणतोय, खोली रिकामी करून ठेवलीय म्हणतोय, सूनबाई दोन वेळा फोन करते. हे सगळं ज्या आईसाठी चाललंय ती आई मी नव्हेच, असं मला रोज वाटतं. तोंड उघडलं तर मुलगा जाईल आणि मिटलं तर मी रोज ती स्तुती गिळत बसणार. घास नासका आहे हे कळूनही गिळायचा, तसं. त्यातून मंडळाला स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं हवी आहेत. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत इतकी वर्षं निबंध लिहून घेतलेत, आता तुम्हीच लिहा." लिहायला बसले तर हे असं येतंय.

तर गाडी. काळी. मी तेव्हाच म्हटलं होतं, रत्नागिरीत काळी गाडी घेऊ नका, पांढरी घ्या. इथे खारा वारा, इथे तांबडी धूळ, घराला पोर्च नाही, गाडी वर्षाचे बारा महिने उघड्यावर राहणार. घर बांधताना पोर्चची जागा सोडायची तर तुम्ही मागच्या बाजूला माझ्यासाठी वाचायची खोली काढलीत, आणि मग गाडी आल्यावर त्या खोलीकडे बघून उसासे टाकायचात. मी म्हणायचे, पाडा खोली. तुम्ही म्हणायचात, असू दे. पण रंगाच्या बाबतीत ऐकलं नाहीत. "काळ्यात रुबाब आहे," म्हणालात. रुबाब होता, नाही म्हणत नाही. आणि त्या रुबाबावर प्रत्येक वाळलेला थेंब पांढरं कडं होऊन दिसायचा.

मग सुरू झालं तुमचं शास्त्र. सहा वर्षं मी ते जेवताना ऐकलं, झोपताना ऐकलं, बसस्टॉपवर लोकांना सांगताना ऐकलं. पाण्याचा डाग पाण्याचा नसतोच, पाणी उडून जातं, मागे राहतो तो त्यातला क्षार. आमच्या मिरजोळ्याच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतका की नळाच्या तोटीला पांढरी दाढी येते. म्हणून गाडी उन्हात धुवायची नाही, उन्हात थेंब आधी वाळतो आणि फडकं मागून पोचतं. धुवायची टपापासून खाली, एक भाग धुतला की लगेच पुसायचा, मग दुसरा. शेवटचं पाणी बोअरचं नाही, पागोळ्यांचं. थंडीत पहाटेचं दव पडतं तेसुद्धा धूळ घेऊन वाळतं, म्हणून ऊन यायच्या आत एकदा सुकं फडकं फिरवायचं. दर तीन महिन्यांनी वॅक्स लावायचं, म्हणजे थेंब बसतच नाही, घरंगळतो. कव्हर पावसाळ्यात घालायचं नाही, आत दमट राहून बुरशी धरते. झाडाखाली तर मुळीच नाही, आंब्याचा चीक आणि कावळ्याची घाण एकदम. मला मेलं सगळं पाठ आहे. शाळेत पाढे पाठ करून घेतले तेवढं पाठ.

पागोळ्यांच्या पाण्यावरून आपली किती भांडणं झाली. पत्र्याची पन्हळ लावून तुम्ही दोन निळे ड्रम भरायचात. पावसाळ्यात छप्पर दहा-बारा दिवस धुऊन निघालं की मगच पन्हळ ड्रमात सोडायची, आधीचं पाणी घाण म्हणून वाहू द्यायचं. ड्रमावर झाकण, झाकणावर फडकं, फडक्यावर जांभ्याचा चिरा. ते पाणी तुम्ही मार्चपर्यंत पुरवायचात, गाडीला शेवटचा हात मारायला. आणि इथे बोअरच्या पाण्यात माझी तुरीची डाळ शिजत नव्हती. चार शिट्ट्या, पाच शिट्ट्या, डाळ आपली टणक. मी म्हटलं, तांब्याभर द्या ड्रमातलं. "गाडीचं आहे गो ते." गाडीचं. बायको कच्ची डाळ चावतेय आणि गाडीला मऊ पाणी. मला तुमचा तेव्हा खरोखर वीट यायचा. चव गेल्यासारखी बसून राहायचे मी ताटावर.

आणि मग माझा हात मोडला. शाळेच्या पायरीवरून घसरले, दीड महिना प्लास्टर. केस बोअरच्या पाण्याने काथ्यासारखे झाले होते आणि एका हाताने धुता येत नव्हते. एका रविवारी तुम्ही मला मागच्या दारी खुर्चीत बसवलंत, ड्रमातलं पाणी काढून कोमट केलंत आणि माझं डोकं धुतलंत. चार तांबे जास्तच ओतलेत. पुसायला टॉवेल घेतला नाहीत, गाडीसाठी आणलेल्या नव्या फडक्याचं पाकीट फोडलंत, टॉवेलाने केस तुटतात म्हणून. टाळूपासून खाली, अगदी टपापासून खाली पुसावं तसं. मी म्हटलं, वॅक्सही लावा आता. तुम्ही हसलात तो आवाज मला आज सकाळी न्हाणीघरात आठवला आणि मी तांब्या हातात धरून उभी राहिले. इतक्या वर्षांत ते पाणी गाडीशिवाय फक्त मला मिळालं होतं, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही.

गाडीला हात लावायच्या बंदीची गोष्ट मात्र मी शेवटपर्यंत काढत राहिले. पहिलाच उन्हाळा होता. तुम्ही पेन्शनच्या कागदांसाठी मुंबईला गेला होतात. मी म्हटलं, यायच्या आत गाडी चकाचक करून ठेवू, खूश होतील. भर दुपारी बोअरचा पाइप लावला, गाडी धुतली आणि जेवायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर काय, अख्खी काळी गाडी पांढऱ्या टिपक्यांची, देवी आल्यासारखी. घाबरले. मग मला सुचलं ते आपल्याकडच्या कुठल्याही बाईला सुचलं असतं. तांब्याची कळशी काळवंडली की आपण काय लावतो? आमसूल. मूठभर आमसुलं भिजत घातली, वर मीठ टाकलं आणि काथ्या घेऊन बॉनेट घासलं. मन लावून घासलं, आईने शिकवलं तसं, गोल गोल.

तुम्ही बॅग खांद्यावर घेऊन फाटकातून आलात आणि थांबलात. बॉनेटवर गोल गोल ओरखड्यांची रांगोळी, फटींत आमसुलाचा लाल गाळ. तुम्ही बॅग खाली ठेवली नाहीत की माझ्याकडे बघितलं नाहीत. "हे काय केलंस गो," एवढंच, तेही गाडीला म्हटल्यासारखं. चार दिवस बोलला नाहीत. पाचव्या दिवशी म्हणालात, "बाई, एक करा. ह्या गाडीला यापुढे हात लावू नका." रागावलात की मला अहो-जाहो करायचात तुम्ही. मीही म्हटलं, नाही लावणार. आणि नाही लावला. दार उघडायचं तरी पदराच्या टोकाने उघडायचे, मुद्दाम, तुम्हाला दिसेल असं. इतकी वर्षं. किती बालिशपणा तो, आणि मी म्हणे मुलांना वळण लावायचे.

तुम्ही एवढे का जपायचात ते मला माहीत होतं. हेच सगळ्यात वाईट आहे, की माहीत होतं. मंडणगडला तुमच्या गावी जाताना तुम्ही वाडीच्या अलीकडे ओढ्यापाशी गाडी थांबवायचात, डिकीतून फडकं काढायचात आणि सगळी गाडी पुसायचात. मी आत बसून घामाने चिंब. मी चिडून विचारलं, कोण आरती ओवाळणार आहे का तिथे? तेव्हा तुम्ही एकदाच सांगितलंत. शाळेत मास्तरांनी तुमच्या सदऱ्यावरचा डाग बघून तुम्हाला वर्गासमोर उभं केलं होतं, आणि म्हणाले होते, ह्यांच्याकडे पाणी पोचत नाही वाटतं. पोरं हसली. पाणी पोचतच नव्हतं, तुमची आई विहिरीपासून लांब कळशी घेऊन कुणी वरून पाणी वाढेल म्हणून ताटकळत बसायची, हे त्या मास्तरांना ठाऊक होतं. तुम्ही एवढं सांगून फडकं पिळलंत आणि गाडी सुरू केलीत. मी स्वतः शिक्षिका. मला काहीतरी म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "चला आता, अक्का वाट बघत असेल."

आता ती सकाळ. लिहिते.

रविवार होता. कोळीण बांगडे देऊन गेली होती आणि मी मोरीशी ते साफ करत होते. कोपरापर्यंत रक्त, खवलं, वास. बाहेर बादलीचा आवाज येत होता. तुम्ही दारात आलात, चौकटीला हात टेकलात. म्हणालात, "बाई, छातीत कसंसंच होतंय गो. तेवढी गाडी पुसून घेतेस? बॉनेटवर पाणी मारून ठेवलंय, ऊन येईल."

मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर तुमचा चेहरा दिसला असता. मी बांगड्याचं पोट फाडत म्हटलं, "मला बंदी आहे ना गाडीला हात लावायची? पाळतेय मी. तुमची गाडी तुम्ही पुसा."

तुम्ही "बरं" म्हणालात.

नुसतं बरं. तेही चिडून नाही. चपला फरकटत गेल्याचा आवाज आला. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. मनात साठवून ठेवलेलं एकदाचं तोंडावर फेकलं म्हणून मी त्या माशांच्या घाणीत बसून चक्क खूश झाले होते. त्या खुशीची मला आता जी किळस येते तिला माप नाही. तेव्हापासून कोळीण फाटकाशी आली तरी मी आतून दार लावून घेते. तिचा बिचारीचा काय दोष.

पाऊण तासाने चहा घेऊन बाहेर आले. तुम्ही पुढच्या चाकाला पाठ टेकून बसला होतात, फडकं मांडीवर, मान खाली. मला वाटलं फुगलात. मी म्हटलं, "चहा ठेवलाय," पायरीवर कप ठेवला आणि आत गेले. पुन्हा आत गेले हो मी. भात लावला, कांदा चिरला. परत आले तेव्हा चहावर साय धरली होती, त्यात मुंगी पडली होती, आणि तुम्ही तसेच. मग ओरडले, मग शेजारी आले, मग दवाखाना आणि डॉक्टरांनी मान हलवणं. ते सगळं लोकांना माहीत आहे, ते मी लिहीत नाही.

दवाखान्यातून आम्ही तुम्हाला घेऊन आलो तेव्हा दुपार झाली होती. गाडीवरचं पाणी उन्हात वाळलं होतं. टप पुसलेला, दारं पुसलेली, बॉनेट ड्रायव्हरच्या बाजूने मध्यापर्यंत पुसलेलं, आरशासारखं. आणि मध्यापासून पुढे पांढरे गोल डाग, एकाला एक लागून. तुमचा हात कुठे थांबला ते बोटाने दाखवता येत होतं. सगळे तुमच्याभोवती, आणि मी त्या रेषेकडे बघत होते.

बादली तशीच राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं होतं पण मी तिकडे गेले नाही. बाराव्या दिवशी अक्का म्हणाली, "अगो, डास कुठून येतायत एवढे?" मी गेले. पाणी हिरवं झालेलं, वर तवंग, आत वळवळणारे किडे, आणि तळाशी तुमचं दुसरं फडकं बुळबुळीत होऊन पडलेलं. मी हात घालून ते काढलं. ते बोटांतून निसटलं तेव्हा माझ्या तोंडातून कसलासा आवाज आला, अक्का धावत आली. "काय गो, काय झालं?" काही नाही म्हटलं. अक्काने बादली फणसाच्या मुळाशी ओतली आणि म्हणाली, "पुण्यवान हो माझा भाऊ, कुणाकडे पाणी मागायलासुद्धा थांबला नाही." मी हात साबणाने धुतला, मग राखेने धुतला, मग पुन्हा साबणाने. वास जात नव्हता. वास मुळात फडक्याचा नसावा.

एवढं लिहून मी कागद मिटून ठेवले होते. काल मिलिंद आला. गाडी विकायची म्हणतो, घेणारा माणूस रविवारी बघायला येणार आहे. आल्या आल्या त्याने पिशवीतून कसलीशी फवाऱ्याची बाटली काढली आणि अकराच्या उन्हात बॉनेटवर मारायला सुरुवात केली. पत्रा चुलीसारखा तापलेला. मी पडवीतून म्हटलं, "उन्हात नको रे, ते औषध वाळून त्याचाच डाग पडेल." तो चमकून बघत राहिला. "तुला काय माहीत?" मी म्हटलं, "सहा वर्षं काय भजन ऐकत होते का मी इथे?" तो हसला नाही. मी म्हटलं, "उद्या उजाडताच करू. मी सांगते तसं."

आज सकाळी केलं. पत्रा गार होता. आधी पागोळ्यांच्या पाण्याने गाडीवरची तांबडी धूळ धुऊन काढली, कोरडं घासलं तर तीच धूळ ओरखडे पाडते. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून मऊ फडकं बुडवलं. तो लगेच घासायला निघाला. मी म्हटलं, "घासायचं नाही. नुसतं ठेवायचं डागावर, दोन मिनिटं, त्याला भिजू दे. मग हलक्या हाताने पुसायचं आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन सुकवायचं. व्हिनेगर रंगावर वाळू द्यायचं नाही. एवढं करून डागाची कडा बोटाला लागली तर समजायचं की रंगात उतरलाय, मग पॉलिश करणाऱ्याकडे न्यायला लागते." मी हे बोलत होते आणि आवाज तुमचा येत होता. त्या आंबट वासाने मी पदर नाकाशी धरला होता. दिव्याच्या बाजूचा, दाराचा, काचेचा, जिथे जिथे वरणाचा, पाखरांचा डाग होता तो सगळा निघाला.

मग तो बॉनेटच्या त्या अर्ध्या भागाशी आला. फडकं भिजवलं, पिळलं, आणि ठेवणार एवढ्यात मी त्याचं मनगट धरलं.

"काय गं?"

म्हटलं, "थांब वायच. हे डाग कसे पडले ते आधी ऐक, मग काढ."

आणि सांगितलं. शाळेत हजेरी घ्यावी तसं, एकेक. चौकटीवरचा हात, बांगडे, मी काय म्हटलं, तुमचं बरं. मला बरं वाटलं तेसुद्धा सांगितलं, ते गाळलं असतं तर मग सांगायचंच कशाला. चहाचा कप सांगितला. म्हटलं, "तू त्या दिवशी लोकांसमोर म्हणालास ना, बाबा आईला काही बोलले नाहीत? बोलले होते. मी ऐकून घेतलं नाही. आता तुला ठाण्याला न्यायची असेल मला तर ने, नसेल तर नको नेऊस."

व्हिनेगरचं फडकं त्याच्या हातातून पायावर ठिबकत होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते, मग म्हटलं, एकदा न बघण्याची चूक केलीय, आता बघ. बघितलं. तो पांढराफटक झाला होता. पण रागाने नाही. राग मी ओळखते, पस्तीस वर्षांचा मुलगा आहे माझा.

"आई," तो म्हणाला, "आठ वाजता फोन आला होता मला."

"कुणाचा?"

"बाबांचा. तुझ्याकडून बाहेर आल्यावरच केला असणार. म्हणाले, छातीत दुखतंय रे, घाम येतोय, तुझी आई रागावलीय. मी झोपेत होतो. रविवार होता. मी म्हटलं, बाबा, अॅसिडिटी असेल. आणि…" तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, "आणि मी गंमत केली त्यांची. म्हटलं, आधी गाडी पुसून घ्या, नाहीतर डाग पडतील."

मी गाडीला टेकले. तुमच्या गाडीला, सगळा भार टाकून.

"ते हसले फोनवर," मिलिंद म्हणाला. "हो रे, म्हणाले, तेही खरंच. आणि ठेवला. नंतर इथे आल्यावर त्यांच्या मोबाइलमधला तो कॉल मी काढून टाकला. तुला दिसू नये म्हणून. तू मला कधीच माफ केलं नसतंस असं वाटलं."

म्हणजे हा मुलगा त्या दिवशी कागद हातात घेऊन मला वाचवत नव्हता, स्वतःला वाचवत होता, आणि मी पुढच्या रांगेत मान खाली घालून स्वतःला. एकाच घरातली दोन माणसं एकच खोटं दोन बाजूंनी धरून बसली होती, आणि मधे तुमचा हार घातलेला फोटो. किळस म्हणायची तर ही. पण मी त्याला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते. पस्तीस वर्षांचा बाप्या माझ्या खांद्यावर तोंड घालून लहानपणी रडायचा तसा रडला, नाक ओढत, आणि मीही त्या आंबट वासात उभी राहून पहिल्यांदा रडले.

नंतर तो म्हणाला, "तू मंडळाला लिहून देणार आहेस ना? माझंही लिही."

मी म्हटलं, "छापणार नाहीत."

"मग वाचून दाखव त्यांना."

तर वाचणार आहे. पौर्णिमेला विहारात माणसं जमतील, कुणीतरी उठेल आणि पुन्हा तेच म्हणेल, की कुणाला काही न सांगता गेले, किती पुण्यवान. तेव्हा मी उठणार आहे. अक्काला वाईट वाटेल, वाटू दे. तुम्ही मुक्याने सोसणारे नव्हतात, आम्ही बहिरे होतो, आणि तुमच्या मोठेपणाखाली आमचं बहिरेपण झाकून ठेवायचा मला आता तिटकारा आलाय. मी सांगणार आहे की ते बोलले होते. बायकोला बोलले, तिने ऐकलं नाही. मग मुलाला बोलले, त्याने ऐकलं नाही. मग ते गाडी पुसायला गेले, कारण सांगायला त्यांच्याकडे दोनच माणसं होती.